जावात कोणता टाइप कशात बसतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जावा शिकणारी मुलं-मुली सगळ्यात जास्त स्क्रीनशॉट एकाच एररचे पाठवतात: ‘इनकम्पॅटिबल टाइप्स: पॉसिबल लॉसी कन्व्हर्जन’, म्हणजे टाइप जुळत नाहीत, रूपांतरात काही गळू शकते. त्याच्या आगेमागे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात अगदी पायापासून आहे, पुढे पुढे प्रकरण अवघड होत जाते. मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनी थेट प्रश्न १४ पासून वाचले तरी चालेल.

एक सूचना. या पानावर कोड, कीवर्ड आणि आकडेही देवनागरीत आहेत. टाइप करताना ते अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नसल्यामुळे मोठ्या अक्षराने सुरू होणाऱ्या क्लासला ‘लाँग रॅपर’, ‘बाइट रॅपर’ असे म्हटले आहे. इंटच्या रॅपरचे नाव ‘इंटिजर’. नुसते ‘लाँग’ म्हणजे साधा प्रिमिटिव्ह, ऑब्जेक्ट नसलेला मूळ टाइप.

१. टाइप कम्पॅटिबल आहे की नाही हे ठरवताना कम्पायलर नेमके काय बघतो?

उजवीकडच्या एक्स्प्रेशनचा टाइप आणि डावीकडच्या व्हेरिएबलचा टाइप. आतली किंमत तो बघत नाही (एक अपवाद आहे, प्रश्न ६). `इंट वय = १९; बाइट ब = वय;` यात १९ हा आकडा बाइटमध्ये सहज मावतो हे तुम्हा-आम्हाला दिसते. कम्पायलरला मात्र एवढेच दिसते की उजवीकडे इंट आहे आणि इंटमध्ये काहीही असू शकते. म्हणून एरर.

निकाल तीनच प्रकारचे लागतात: आपोआप चालते, कास्ट (किमतीच्या आधी कंसात हवा तो टाइप) लिहिला तर चालते, किंवा कास्ट लिहूनही चालत नाही.

२. कोणता टाइप कोणत्या टाइपमध्ये आपोआप जातो?

बाइट → शॉर्ट → इंट → लाँग → फ्लोट → डबल. या साखळीत डावीकडून उजवीकडे कुठूनही कुठेही उडी मारता येते. कॅर बाजूने येतो आणि थेट इंटला मिळतो, तिथून पुढे लाँग, फ्लोट, डबल. बूलियन या साखळीत नाहीच (प्रश्न १२).

उलट दिशेला जायचे तर कास्ट लागतो. कॅर आणि शॉर्ट दोन्ही १६ बिटचे असले तरी त्यांचे एकमेकांत आपोआप जमत नाही: शॉर्टची रेंज −३२,७६८ ते ३२,७६७, तर कॅरची ० ते ६५,५३५. दोघांपैकी कोणीच दुसऱ्यात पूर्ण मावत नाही. बाइट ते कॅर यालाही कास्ट लागतो, कारण कॅरमध्ये ऋण संख्या नसतात.

३. लाँग ८ बाइटचा आणि फ्लोट ४ बाइटचा. मग लाँग फ्लोटमध्ये आपोआप कसा जातो?

हा प्रश्न पडला असेल तर तुम्ही नीट वाचताय. लहान भांड्यातले मोठ्या भांड्यात ओतता येते, हे वर्गात हमखास दिले जाणारे उदाहरण नेमके इथे फुटते.

जावा इथे बाइट मोजत नाही, रेंज बघते. लाँगची कमाल किंमत साधारण ९.२२ गुणिले १० चा १८ वा घात. फ्लोटची कमाल ३.४ गुणिले १० चा ३८ वा घात. लाँगमधली कोणतीही संख्या फ्लोटच्या रेंजमध्ये येते, म्हणून परवानगी. अचूकतेची हमी मात्र कोणी दिलेली नाही. फ्लोटकडे अंक धरून ठेवायला २४ बिट असतात, त्यामुळे १,६७,७७,२१६ च्या पुढचे सगळे पूर्णांक त्याला जसेच्या तसे धरता येत नाहीत. करून बघा: `इंट न = १६७७७२१७; फ्लोट फ = न;` आणि फ परत इंटमध्ये कास्ट करून छापा. १६७७७२१६ येईल. एक गायब, आणि एरर नाही, वॉर्निंगही नाही.

डबलकडे ५३ बिट आहेत, त्यामुळे इंट ते डबल हा प्रवास पूर्ण सुरक्षित. लाँग ते डबलमध्ये मात्र तीच गळती २ च्या ५३ व्या घातानंतर सुरू होते. सोळा-सतरा आकडी ट्रान्झॅक्शन नंबर डबलमध्ये ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. (मुळात ज्या नंबरांची बेरीज-वजाबाकी करायची नसते, ते स्ट्रिंगमध्येच ठेवावेत.)

४. `फ्लोट पाय = ३.१४;` यात काय चुकले?

३.१४ हा लिटरल (कोडमध्ये थेट लिहिलेली किंमत) जावाच्या दृष्टीने डबल आहे. डबल ते फ्लोट म्हणजे उलटी दिशा. मागे एफ लावा, किंवा व्हेरिएबलच डबल करा. खास कारण नसेल तर डबलच वापरावा असे माझे मत आहे. फ्लोटने वाचणारे चार बाइट तुमच्या प्रोजेक्टला तारणार नाहीत.

दोघांची तुलनाही जपून. `०.१एफ == ०.१` चे उत्तर फॉल्स येते, कारण फ्लोटमधला ०.१ डबलमध्ये नेल्यावर ०.१०००००००१४९… असा उघडा पडतो. `०.५एफ == ०.५` मात्र ट्रू, कारण अर्धा हा बायनरीत नेमका लिहिता येतो.

५. `लाँग लोकसंख्या = ३००००००००००;` व्हेरिएबल लाँग आहे, तरी ‘इंटिजर नंबर टू लार्ज’ का?

डावीकडे काय आहे याच्याशी लिटरलला देणेघेणे नसते. मागे काही न लावलेला पूर्णांक हा इंट, आणि इंटची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. म्हणजे ही संख्या त्यात मावतच नाही. मागे एल लावा, आणि तो मोठाच लावा: लहान एल आणि एक हा आकडा स्क्रीनवर जुळे भाऊ दिसतात.

६. मग `बाइट ब = १०;` कसे चालते? १० पण इंटच ना?

हाच तो प्रश्न १ मधला अपवाद. उजवीकडे कम्पाइल होतानाच माहीत असलेला कॉन्स्टंट असेल आणि तो बाइट, शॉर्ट किंवा कॅरच्या रेंजमध्ये मावत असेल, तर कम्पायलर किंमत बघून सोडून देतो. १० चालतो, १२७ चालतो, १२८ ला एरर.

`फायनल इंट न = १०; बाइट ब = न;` हेही चालते, कारण जागच्या जागी किंमत दिलेला फायनल हाही कॉन्स्टंटच. फायनल काढले की एरर. व्हायव्हात हा प्रश्न विचारून पोरांना गडबडवायला परीक्षकांना फार आवडते.

ही सवलत तीन ठिकाणी मिळत नाही. `इंट न = १०एल;` चालत नाही, कारण ती इंट आणि त्याहून लहान टाइपच्याच कॉन्स्टंटना आहे. डबल ते फ्लोटला नाही (प्रश्न ४). आणि मेथडला आर्ग्युमेंट देताना नाही (प्रश्न १७).

७. दोन बाइटची बेरीज बाइटमध्ये का ठेवता येत नाही?

कारण बेरीज बाइटमध्ये होतच नाही. बाइट, शॉर्ट, कॅर यांपैकी कोणीही गणितात उतरला की आधी त्याचा इंट होतो आणि उत्तरही इंटच येते. `बाइट क = अ + ब;` यात उजवीकडे इंट उभा आहे. दोन्ही किंमती २ आणि ३ असल्या तरी फरक पडत नाही. `(बाइट)(अ + ब)` असे लिहा आणि कंस विसरू नका: `(बाइट) अ + ब` मध्ये कास्ट फक्त अ ला लागतो आणि तीच एरर परत येते.

एका बाजूला लाँग असेल तर उत्तर लाँग, फ्लोट असेल तर फ्लोट, डबल असेल तर डबल. मोठा टाइप जिंकतो, पण इंटच्या खाली कोणी उतरत नाही.

८. `ब = ब + १` ला एरर, पण `ब += १` बिनबोभाट चालते. दोन्ही एकच नाही का?

एक नाही. `ब += १` चा जावाच्या नियमातला अर्थ `ब = (बाइट)(ब + १)` असा आहे. कास्ट आतच बसवलेला आहे, तो तुम्हाला दिसत नाही एवढेच. `ब++` चेही तसेच.

सोय म्हणून ठीक, पण पहारेकरी इथे रजेवर असतो. बाइटमध्ये १२७ असेल तर `ब += १` नंतर −१२८ येतो. `इंट एकूण = १०; एकूण += ३.७;` कम्पाइल होते आणि एकूणमध्ये १३ येतात. बिलाच्या हिशेबात प्रत्येक ओळीला असे सत्तर पैसे गळत राहिले, तर कुठून गळतात ते शोधताना संध्याकाळ जाते. कम्पायलर ओरडला असता तर बरे, असे वाटण्याच्या जागा जावात थोड्याच आहेत, त्यातली ही पहिली. पुढच्या दोन प्रश्नांत आणखी दोन.

९. सरासरी डबलमध्ये घेतली, तरी दशांश शून्यच का येतो?

`डबल सरासरी = एकूण / ५;` यात एकूण इंट असेल तर भागाकार इंटमध्येच उरकतो, मग उत्तर डबलमध्ये जाते. ३८२ भागिले ५ चे ७६ झाले, आणि डबलमध्ये ७६.० बसले. ०.४ तर आधीच गेले होते. `एकूण / ५.०` लिहा, किंवा `(डबल) एकूण / ५`. `(डबल)(एकूण / ५)` लिहिले तर पुन्हा ७६.०.

१०. उत्तर लाँगमध्ये ठेवूनही निगेटिव्ह आकडा का येतो?

प्रश्न ९ चाच भाऊ. २५ दिवसांचे मिलिसेकंद काढण्यासाठी `लाँग मिलि = २५ * २४ * ६० * ६० * १०००;` लिहिले. खरे उत्तर २,१६,००,००,०००. छापले जाते −२,१३,४९,६७,२९६. पाचही आकडे इंट, त्यामुळे गुणाकार इंटमध्ये झाला, इंटची हद्द ओलांडून पलीकडच्या टोकाला गेला, आणि हा बिघडलेला आकडा लाँगमध्ये ठेवला गेला. गंमत म्हणजे २४ दिवसांपर्यंत सगळे बरोबर चालते, म्हणून टेस्टिंगमध्ये हे सापडत नाही.

पहिल्याच आकड्यामागे एल लावा: `२५एल * २४ * …`. शेवटच्या आकड्याला लावून भागेलच असे नाही, गुणाकार डावीकडून होत येतो.

पैशांचा हिशेब पैशांच्या एककात इंटमध्ये ठेवणाऱ्यांनी लक्षात ठेवा, मर्यादा जेमतेम २ कोटी १४ लाख रुपये आहे. एखाद्या गृहनिर्माण सोसायटीच्या हिशेबालाही ती कमी पडेल. लाँग वापरा, नाहीतर बिगडेसिमल. ओव्हरफ्लो झाला तर कळायलाच हवे असे असेल, तर `मॅथ.मल्टिप्लायएक्झॅक्ट` आणि `मॅथ.ॲडएक्झॅक्ट` वापरा. ते चूक उत्तर देण्याऐवजी अरिथमेटिकएक्सेप्शन फेकतात.

११. कास्ट केल्यावर आतल्या आकड्याचे नेमके काय होते?

कुठून कुठे जाता यावर आहे, आणि नियम सगळीकडे सारखा नाही.

पूर्णांकातून लहान पूर्णांकात जाताना वरचे बिट सरळ छाटले जातात. `(बाइट) ३००` म्हणजे ४४, `(बाइट) २००` म्हणजे −५६. फाइलमधून बाइट वाचताना ऋण आकडे दिसतात ते यामुळेच. तिथे `बाइट रॅपर.टूअनसाइन्डइंट` वापरा, २०० परत मिळतात.

डबल किंवा फ्लोटमधून इंट, लाँगमध्ये येताना दशांश भाग शून्याच्या दिशेने टाकला जातो: ७.९ चे ७, −७.९ चे −७. आकडा फार मोठा असेल तर तो छाटला न जाता कमाल किमतीला चिकटतो. म्हणून लाँगमधले एक हजार कोटी इंटमध्ये कास्ट केले तर १,४१,००,६५,४०८ असा काहीच्या काही आकडा येतो, आणि डबलमधले तेच एक हजार कोटी कास्ट केले तर २,१४,७४,८३,६४७. ‘नॉट अ नंबर’ ही किंमत असेल तर ०. यातल्या कशालाही एक्सेप्शन येत नाही.

डबल ते बाइट हे तर दोन टप्प्यांत होते, आधी इंट, मग छाटणी. डबलमधले एक हजार कोटी बाइटमध्ये कास्ट करून पाहा: −१.

अशा रूपांतराने किती नुकसान होऊ शकते? ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात, उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत नष्ट झाले. ६४ बिटच्या फ्लोटिंग पॉइंट संख्येचे १६ बिटच्या पूर्णांकात रूपांतर करताना आकडा मावला नाही. तो कोड जावात नव्हता, ॲडा या भाषेत होता, आणि ॲडाने निदान एक्सेप्शन तरी दिले. त्याला पकडणारे कोणी नव्हते. जावाचा कास्ट तेवढेही करत नाही. लाँग ते इंट करताना शंका असेल तर `मॅथ.टूइंटएक्झॅक्ट` वापरा. ते जावा ८ पासून, म्हणजे २०१४ पासून आहे.

१२. `इफ (न)` किंवा `इंट झेंडा = ट्रू` का चालत नाही? सी मध्ये तर चालायचे.

जावात बूलियन आणि संख्या यांचा काहीही संबंध नाही. कास्ट लिहूनही जमत नाही. `इफ (न != ०)` असे स्पष्ट लिहा, उलट बाजूला `झेंडा ? १ : ०`. फायदा असा की `इफ (न = ५)` ही सी मधली क्लासिक चूक इथे कम्पाइलच होत नाही. फक्त व्हेरिएबल स्वतःच बूलियन असेल तर `इफ (झाले = ट्रू)` आजही निसटते.

टर्बो सी वरून आलेल्यांसाठी जोडून एक: तिथला इंट २ बाइटचा होता, ३२,७६७ ला संपायचा. जावाचा इंट कुठल्याही मशिनवर ४ बाइटचाच.

१३. कॅरमध्ये मराठी अक्षर ठेवता येते का? `'क' + १` केले तर आकडा का छापला जातो?

येते. कॅर म्हणजे ० ते ६५,५३५ मधला युनिकोड क्रमांक. ‘क’ चा क्रमांक २३२५. प्रश्न ७ च्या नियमाने बेरीज इंटमध्ये होते, म्हणून २३२६ छापले जाते. `(कॅर)('क' + १)` छापा, ‘ख’ मिळेल. `'क' + 'ख'` छापले तर ४६५१. अक्षरे जोडून हवी असतील तर पुढे रिकामी स्ट्रिंग ठेवा: `"" + 'क' + 'ख'`.

`'कि'` ला एरर येते, कारण डोळ्यांना एक अक्षर दिसले तरी ते क आणि इकार अशी दोन कॅर आहेत. ‘ज्ञ’ तर तीन. त्यामुळे मराठी नावाची लांबी `लेंग्थ` ने मोजून ‘अक्षरे’ म्हणून दाखवू नका. इमोजीही बहुधा एका कॅरमध्ये मावत नाही.

`शॉर्ट श = 'क';` चालते आणि `बाइट ब = 'क';` चालत नाही. कारण प्रश्न ६ मध्ये आहे.

साधा एकटा ‘क’ लिहूनही एरर येत असेल तर तो टाइपचा दोष नाही. विंडोजवर जुन्या जेडीकेमध्ये (जावाच्या डेव्हलपमेंट किटमध्ये) फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये वाचली जात नाही. कम्पाइल करताना एन्कोडिंग सांगा, किंवा जेडीके १८ च्या पुढचे वापरा, तिथे यूटीएफ-८ हेच डिफॉल्ट आहे.

१४. स्ट्रिंग इंटमध्ये कास्ट का होत नाही? आणि वापरणाऱ्याने मराठी आकडे टाइप केले तर?

स्ट्रिंग हा ऑब्जेक्ट, इंट हा प्रिमिटिव्ह. दोघांत कास्टची वाट नाही. `इंटिजर.पार्सइंट` वापरायचे. मागे-पुढे स्पेस, मध्ये स्वल्पविराम किंवा दशांश चिन्ह असेल तर नंबरफॉरमॅटएक्सेप्शन. ‘१,००,०००’ असे आलेले मूल्य आधी साफ करा.

मराठी आकड्यांचे उत्तर अनेकांना चकित करते. कीबोर्डवरून आलेल्या खऱ्याखुऱ्या देवनागरी "१२३" ला `पार्सइंट` आनंदाने १२३ करते, कारण ते प्रत्येक अक्षराचे अंकमूल्य युनिकोडच्या तक्त्यावरून काढते. पण `पार्सडबल` ला देवनागरी "१२.५" दिले तर एक्सेप्शन. ते फक्त इंग्रजी अंक ओळखते. शेतकऱ्यांसाठी किंवा ग्रामपंचायतीसाठी मराठी फॉर्म बनवत असाल, तर वयाचा रकाना चालेल आणि क्षेत्रफळाचा रकाना कोसळेल. आधी अंक बदलून घ्या: `'५' - '०'` (दोन्ही देवनागरी) केले की ५ मिळतात.

उलट दिशा सोपी आहे. स्ट्रिंगला अधिक चिन्हाने काहीही जोडता येते. फक्त क्रम बघा: `१ + २ + "रु."` चे ‘३रु.’, आणि `"रु." + १ + २` चे ‘रु.१२’.

१५. `लाँग रॅपर`मध्ये ५ ठेवता येत नाही, पण साध्या लाँगमध्ये इंटिजर ठेवता येतो. हे उलटे नाही का?

प्रिमिटिव्ह आपोआप ऑब्जेक्टमध्ये गुंडाळला जाणे ही सोय जावा ५ मध्ये, २००४ साली आली. नियम असा: गुंडाळी सोडून मग साखळीत पुढे जाता येते, पण साखळीत पुढे जाऊन मग गुंडाळता येत नाही. इंटिजर → इंट → लाँग चालते. इंट → लाँग → लाँग रॅपर चालत नाही. ५ च्या मागे एल लावा, प्रश्न मिटला. ऑब्जेक्ट टाइपच्या व्हेरिएबलमध्ये ५ चालतो, कारण इंट → इंटिजर → ऑब्जेक्ट ही गुंडाळून वर जाण्याची वाट मोकळी आहे.

याची सगळ्यात त्रासदायक बाजू हॅशमॅपमध्ये दिसते. ज्या मॅपची ‘की’ लाँग रॅपर आहे, त्यावर `गेट(५)` केले तर किंमत आत असूनही नल मिळते. `गेट` कोणताही ऑब्जेक्ट घेते, म्हणून कम्पायलर गप्प. ५ चा झाला इंटिजर, आणि पाचचा इंटिजर व पाचचा लाँग रॅपर हे `इक्वल्स` च्या मते वेगळे. `गेट(५एल)` लिहा.

१६. दोन इंटिजर `==` ने तपासले तर १२७ ला ट्रू आणि १२८ ला फॉल्स. बग आहे का?

बग नाही. `==` दोन ऑब्जेक्ट एकच आहेत का ते बघतो. −१२८ ते १२७ या किमती आपोआप गुंडाळताना जावा तेच ते साठवलेले ऑब्जेक्ट परत देते. त्यापुढे सहसा नवे. `इक्वल्स` वापरा. एका बाजूला साधा इंट असेल तर `==` ही चालतो, कारण मग गुंडाळी सोडून आकड्यांची तुलना होते.

१७. मेथडला बाइट हवा आहे, मी १० दिले, तरी एरर. आणि एकाच नावाच्या दोन मेथड असतील तर कोणती बोलावली जाते?

कॉन्स्टंटची सवलत आर्ग्युमेंटला लागू नाही. `मोजा((बाइट) १०)` लिहा. सवलत दिली असती तर मोजा(बाइट) आणि मोजा(इंट) दोन्ही असताना कोणती निवडायची, हा गोंधळ आणखी वाढला असता.

निवड तीन फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत गुंडाळी न करता, फक्त साखळीने जुळते का. दुसऱ्या फेरीत गुंडाळणे-सोडणे चालते. तिसऱ्या फेरीत कितीही आर्ग्युमेंट घेणाऱ्या मेथड. ज्या फेरीत जुळले तिथे थांबायचे. म्हणून मोजा(लाँग) आणि मोजा(इंटिजर) असताना इंट दिला तर लाँगवाली बोलावली जाते. इंटिजर जवळचा वाटतो, पण तो दुसऱ्या फेरीत येतो. जावा ५ च्या आधी लिहिलेला कोड नव्या सोयीमुळे वेगळे वागू नये, म्हणून हा क्रम ठेवला आहे.

१८. `?` आणि `:` वापरले की विचित्र उत्तरे येतात. का?

दोन्ही फांद्यांचा मिळून एकच टाइप ठरतो, कोणती फांदी चालली याच्याशी त्याचा संबंध नाही. `ट्रू ? १ : २.०` छापले तर १.० येते, कारण दुसरी फांदी डबल आहे. `ट्रू ? 'क' : ०` छापले तर क. पण ० च्या जागी साधा इंट व्हेरिएबल ठेवला की २३२५ छापले जाते. शून्य कॉन्स्टंट होता तेव्हा तो कॅरमध्ये मावला, व्हेरिएबल मावत नाही, मग दोघेही इंट.

खरा अपघात नलचा. `इंटिजर जुने = नल; इंटिजर नवे = आहे ? जुने : ०;` डावीकडे इंटिजर, नल चालायला हवा. पण एका फांदीत इंटिजर आणि दुसरीत इंट असल्यामुळे एकत्र टाइप इंट ठरतो, जुनेची गुंडाळी सोडली जाते आणि नलपॉइंटरएक्सेप्शन. प्रॉडक्शनमध्ये ही ओळ शोधणे जिवावर येते, कारण ओळीत कुठेच मेथड कॉल दिसत नाही. अशा ठिकाणी मी सरळ इफ-एल्स लिहितो.

१९. चाइल्ड क्लासचा ऑब्जेक्ट पेरेंटमध्ये जातो, मग `लिस्ट<स्ट्रिंग>` ही `लिस्ट<ऑब्जेक्ट>` मध्ये का जात नाही? ॲरे तर जातो.

आधी साधे नियम. चाइल्ड ते पेरेंट आपोआप. पेरेंट ते चाइल्डला कास्ट, आणि आत खरोखर तो ऑब्जेक्ट नसेल तर चालताना क्लासकास्टएक्सेप्शन. आधी `इन्स्टन्सऑफ` ने तपासा. जावा १६ पासून तिथेच नवे व्हेरिएबल मिळते, वेगळा कास्ट लिहावा लागत नाही. स्ट्रिंग आणि इंटिजर यांसारख्या असंबंधित क्लासमध्ये कास्ट कम्पाइलच होत नाही.

आता ॲरे. `ऑब्जेक्ट[] अ = न्यू स्ट्रिंग[३];` चालते हे खरे. पुढे `अ[०] = ५;` हेही कम्पाइल होते. आणि चालवले की ॲरेस्टोअरएक्सेप्शन, कारण ॲरेला आपण स्ट्रिंगचे आहोत हे माहीत असते. जेनेरिक लिस्टला आपण कशाची आहोत हे चालताना माहीत नसते, ती माहिती कम्पाइल झाल्यावर पुसली जाते. मग चुकीचा ऑब्जेक्ट आत गेला तर पकडणार कोण? म्हणून दारातच अडवले आहे. फक्त वाचायचे असेल तर `लिस्ट<? एक्सटेंड्स ऑब्जेक्ट>` घ्या.

प्रिमिटिव्हच्या ॲरेला कुठलीच सूट नाही. इंट लाँगमध्ये जातो, पण `इंट[]` हा `लाँग[]` मध्ये कास्ट करूनही जात नाही. लूप लावून एकेक किंमत हलवा.

२०. `व्हार` वापरला तर ही सगळी कटकट संपते का?

नाही. जावा १० मधला (२०१८) व्हार फक्त टाइप लिहायचा कंटाळा वाचवतो, टाइप पहिल्याच ओळीत कायमचा ठरतो. `व्हार न = १०;` नंतर `न = १०.५;` ला एरर. बाइट मनात असेल तरी व्हार १० ला इंटच मानतो.

२१. `इंट गुण = मॅथ.राउंड(७८.६);` राउंड केल्यावरही ‘लॉसी कन्व्हर्जन’?

डबल दिला की राउंड लाँग परत देते, फ्लोट दिला की इंट. कास्ट करा: `(इंट) मॅथ.राउंड(७८.६)`. फ्लोर आणि सील तर डबलच परत देतात.

२२. इंटिजरच्या लिस्टमधून ५ काढायला सांगितले, भलताच आकडा गेला!

`रिमूव्ह` दोन आहेत. एक इंट घेते आणि त्या जागेवरचा घटक काढते, दुसरी ऑब्जेक्ट घेते आणि ती किंमत शोधून काढते. `रिमूव्ह(५)` ला पहिल्या फेरीतच (प्रश्न १७) इंटवाली जुळते, गुंडाळीची वेळच येत नाही, आणि सहाव्या जागेवरचा घटक जातो. लिस्टमध्ये सहा घटक नसतील तर इंडेक्सआउटऑफबाउंड्सएक्सेप्शन, आणि ते नशीब म्हणायचे, कारण निदान कळते तरी. किंमत काढायची असेल तर `रिमूव्ह(इंटिजर.व्हॅल्यूऑफ(५))` लिहा. सेटमध्ये ही अडचण नाही, तिथे जागेवरून काढणारी रिमूव्ह नसतेच.